डोंगरवाटांसाठी छोटा कॅमेरा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

डोंगरभटकंतीत न्यायच्या कॅमेऱ्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आठवडाभराच्या डोंगरयात्रेसाठी खिशात मावेल असा कॅमेरा हवा आहे. पाण्यात बुडाला तरी चालणारा ‘टफ’ कॅमेरा घ्यावा, की मोठ्या सेन्सरचा पण नाजूक? वजन तर दोन्हींचं सारखंच दिसतं.

उत्तर : वजन सारखं असलं तरी आतले सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारे भाग, सारखे नसतात. टफ प्रकारातल्या जवळजवळ सगळ्या कॅमेऱ्यांत १/२.३ इंची सेन्सर असतो, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ६.२ × ४.६ मिमी. ‘एक इंची’ म्हटला जाणारा सेन्सर १३.२ × ८.८ मिमीचा आणि एपीएस-सी सेन्सर २३.५ × १५.६ मिमीच्या आसपास. क्षेत्रफळ काढलं तर अनुक्रमे २८, ११६ आणि ३६६ चौरस मिमी. लेन्सचं छिद्र (प्रकाश आत येण्याची वाट) आणि शटरचा वेग तोच ठेवला तर एक इंची सेन्सरवर टफच्या चौपट प्रकाश पडतो, एपीएस-सीवर तेरापट. भर दुपारच्या उन्हात हा फरक फारसा जाणवत नाही. पण डोंगरातला चांगला प्रकाश पहाटे आणि संध्याकाळी असतो. त्या वेळी शिखर उजळलेलं असतं आणि दरी सावलीत बुडालेली. लहान सेन्सर या दोन्ही टोकांना एकाच फ्रेममध्ये पुरा पडत नाही. शिखर पांढरं फट्ट होतं किंवा दरीत दाणेदार काळोख राहतो.

मग टफ घ्यायचाच कशाला? त्याच्या लेन्ससाठी. ही लेन्स बाहेर येतच नाही. भिंगांची रचना घडी घालून अंगातच बसवलेली असते, त्यामुळे वाळू शिरायला किंवा धक्क्याने वाकायला काही बाहेर उरत नाही. ओएम सिस्टिमच्या टीजी-७ चे आकडे पाहा : वजन २४९ ग्रॅम, १५ मीटर खोलीपर्यंत जलरोधक, २.१ मीटरवरून पडला तरी चालेल असा दावा, उणे १० अंशांपर्यंत वापरण्याजोगा, आणि शिवाय रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली माहिती) मिळते. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. या वर्गातले काही कॅमेरे फक्त जेपीईजी, म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेलं चित्र, देतात. त्यात नंतर सुधारायला वाव कमी, आणि बर्फाच्या चित्रांत तिथेच अडतं.

आमचं मत असं : वाटेत ओढे ओलांडायचे असतील, दिवसचे दिवस पाऊस असेल, दोरावर चढाई असेल किंवा बर्फात लोळण्याचा प्रसंग येणार असेल तर टफ घ्या आणि चित्रांच्या दर्जात तडजोड स्वीकारा. मळलेल्या वाटेने चालायचं असेल आणि निसर्गदृश्यं हाच हेतू असेल, तर एक इंची किंवा एपीएस-सी सेन्सरचा छोटा कॅमेरा घ्या आणि त्याला चांगलं आवरण द्या. सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ (३०२ ग्रॅम, २४–२०० मिमी झूम) आणि रिकोचा जीआर ३ (२५७ ग्रॅम, एपीएस-सी, स्थिर २८ मिमी) ही यातली दोन टोकं आहेत. पहिल्याचा झूम दूरवर पोचतो. दुसऱ्याला झूमच नाही, पण त्याची फाइल कितीतरी सरस असते. दोन्हींना पाण्यापासून कसलंही संरक्षण नाही, हे विसरू नका.

खिशाचा हट्ट सोडलात तर तिसरा मार्ग आहे. ओएम सिस्टिमचा लेन्स बदलता येणारा ओएम-५ आणि त्यावर १२–४५ मिमी (३५ मिमीच्या मापात २४–९०) एफ/४ लेन्स, मिळून ६६८ ग्रॅम. (‘एफ/’ हे छिद्राचं माप. आकडा मोठा तितकं छिद्र बारीक.) सेन्सर एक इंचीच्या जवळपास दुप्पट, अंग आणि लेन्स दोन्ही पाऊसबंद. पावसाळी डोंगरांत सतत फिरणाऱ्याने सरळ हाच विचार करावा.

प्रश्न : ‘जलरोधक’, ‘वेदर-सील्ड’, ‘आयपी ५३’ यांत नेमका फरक काय? जाहिराती वाचून सगळं एकच वाटतं.

उत्तर : आयपी हे आंतरराष्ट्रीय मानकातलं मोजमाप आहे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५३ मध्ये ५ म्हणजे थोडी धूळ आत गेली तरी कामात अडथळा येणार नाही, आणि ३ म्हणजे वरून किंवा तिरपा, उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत, येणारा पाण्याचा फवारा सोसेल. पाण्याचा आकडा ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ असेल तर त्याहून कठीण चाचणी, खोली आणि वेळ उत्पादकाने सांगितलेली. एखाद्या जागी आकड्याऐवजी ‘एक्स’ दिसला तर त्या बाबतीतला दर्जा दिलेला नाही एवढंच समजायचं.

‘वेदर-सील्ड’ किंवा ‘वेदर-रेझिस्टंट’ या शब्दांमागे मात्र कोणताही आकडा असेलच असं नाही. सांध्यांवर रबर आहे, पावसाच्या सरी सोसेल, इतकाच अर्थ. त्यातही अटी असतात. फुजीफिल्मचा एक्स१००-६ पुढून बंद होण्यासाठी लेन्सवर अडॅप्टर रिंग आणि ४९ मिमीचा फिल्टर लावावा लागतो. तो लावला नाही तर पाण्याला लेन्सच्या कडेने वाट मोकळी. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात अंग सीलबंद आणि लेन्स साधी असेल तर सीलचा उपयोग अर्धाच.

सगळ्या चाचण्या नव्या कॅमेऱ्यावर होतात. रबर वयानुसार कडक होतं. म्हणून जलरोधक कॅमेऱ्याची सील दरवर्षी सेवा केंद्रातून बदलून घ्यावी असं उत्पादकच सुचवतात. आणि २.१ मीटरवरून पडून वाचणारा कॅमेरा खडकाच्या धारेवर पडूनही वाचेलच असं नाही. चाचणीतली जमीन सपाट असते.

प्रश्न : आजकालचे फोन चांगले असताना वेगळा कॅमेरा कशाला?

उत्तर : मुख्य लेन्सने, उजेडात, पडद्यावर पाहण्यासाठी फोटो काढायचे असतील तर वेगळा कॅमेरा नकोच. कॅमेरा उपयोगी पडतो तो हातमोजे घातलेले असताना, दूरच्या शिखरासाठी प्रकाशीय झूम हवा असताना आणि मोठा प्रिंट काढायचा असताना. आणखी एक कारण आमच्या मते सर्वांत मोठं आहे. फोन हा नकाशा आणि संकटकाळी मदत मागण्याचं साधनही असतो. दिवसभर फोटो काढून त्याची बॅटरी संपवणं शहाणपणाचं नाही.

प्रश्न : झूम किती मिमीपर्यंत हवा? २४–७० पुरेल का?

उत्तर : हिशेब सोपा आहे. ३५ मिमी फिल्मच्या मापात फ्रेमची रुंदी ३६ मिमी. ३६ ला फोकल लांबीने, म्हणजे त्याच मापातल्या झूमच्या मिमी आकड्याने, भागा आणि अंतराने गुणा. तेवढी रुंदी फ्रेममध्ये मावते. समोरचं शिखर १० किलोमीटरवर आणि १ किलोमीटर रुंद आहे असं धरू. २४ मिमीवर १५ किलोमीटरचा पट्टा मावेल, म्हणजे शिखर फ्रेमच्या पंधराव्या भागात, बोटाच्या पेराएवढं. डोळ्यांना प्रचंड दिसलेला डोंगर फोटोत टेकडी का होतो, त्याचं उत्तर हेच. ७० मिमीवर ५ किलोमीटर मावतात, १०० वर ३.६ आणि २०० वर १.८. तिथे शिखर निम्मी फ्रेम व्यापतं.

तेव्हा वाट, तंबू, सोबती, समोरची दरी यांसाठी २४–७० भरपूर झालं. शिखरांचे बारकावे, कड्यावरचे गिर्यारोहक, दूरची जनावरं हवी असतील तर किमान १००, आणि २०० असेल तर उत्तम. अगदी लांबच्या टोकाला एक अडचण असते. दुपारी तापलेल्या उतारावरून उठणारी हवा थरथरते आणि चित्र पुसट येतं. दोष लेन्सवर जातो. तोच फोटो पहाटे घेऊन पाहा.

लहान सेन्सरवर छिद्र फार बारीक करू नका. एक इंचीवर एफ/५.६ च्या पुढे गेलात की विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, चित्र मऊ होऊ लागतं, एपीएस-सीवर एफ/११ च्या पुढे. टफमध्ये तर झूम केल्यावर सगळ्यांत मोठं छिद्रच बरं. सेन्सर लहान असल्यामुळे जवळचं-दूरचं दोन्ही तसंही स्पष्ट येतं. मोठ्या कॅमेऱ्याच्या पुस्तकातला ‘निसर्गदृश्याला एफ/१६’ हा नियम इथे नुकसान करतो.

प्रश्न : थंडीत बॅटरी ६० टक्के दाखवत असतानाच कॅमेरा बंद पडतो. बॅटरी खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. लिथियम-आयन बॅटरीतलं द्रव थंडीत दाट होतं, आयन हळू सरकतात आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. लेन्सची मोटर चालली किंवा ऑटोफोकस धावला की एकदम जास्त करंट लागतो, व्होल्टेज कोसळतं आणि कॅमेऱ्याला वाटतं बॅटरी संपली. विद्युतभार बॅटरीत असतोच. तीच बॅटरी कपड्यांच्या आत दहा-पंधरा मिनिटं ठेवून पुन्हा घाला. बहुतेक वेळा चालू लागते.

उंचीबरोबर तापमान दर १,००० मीटरला सरासरी ६.५ अंशांनी उतरतं. पायथ्याशी १५ अंश असतील तर ३,००० मीटर वर जाईतो पारा शून्याखाली जातो. म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, दोन टोकं एखाद्या धातूला लागणार नाहीत अशा डबीत. रात्री झोपण्याच्या पिशवीत.

कॅमेरा मात्र बाहेरच राहू द्या. १९५३ साली एव्हरेस्टच्या माथ्यावर एडमंड हिलरी यांनी तेनझिंग यांचं छायाचित्र ज्या कोडॅक रेटिना कॅमेऱ्याने घेतलं, तो त्यांनी ऊब राहावी म्हणून शर्टाच्या आत ठेवला होता. तेव्हा काळजी फिल्मची आणि यंत्राची होती. आजचा कॅमेरा घामेजल्या कपड्यांतून थंडीत काढला की त्याच्यावरची ओल गोठते. बॅटरी उबेत आणि कॅमेरा थंडीत, हीच विभागणी योग्य.

शून्याखालच्या तापमानात बॅटरी चार्ज करू नका. धातुरूप लिथियम आत साचतं आणि क्षमता कायमची घटते. पॉवर बँकेलाही हेच लागू. क्षमतेचा अंदाज असा : १०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टला ३७ वॉट-तास. रूपांतरात एक तृतीयांश जाईल असं धरलं तर हाती साधारण २५ उरतात. छोट्या कॅमेऱ्याची बॅटरी ४.५ ते ५ वॉट-तासांची असते, म्हणजे पाच वेळा भरेल. जीआर ३ ची बॅटरी प्रमाणित चाचणीत २०० फोटोंनाच संपते, त्यामुळे त्याच्यासोबत निदान दोन जादा बॅटऱ्या हव्यातच.

प्रश्न : जलरोधक कॅमेऱ्याच्या काचेवर आतून धुकं धरतं. पाणी शिरलं असेल का?

उत्तर : थेंब दिसत नसतील तर पाणी नाही, तुम्हीच आत कोंडलेली दमट हवा आहे. बॅटरीचं झाकण दमट जागी उघडलं, बंद केलं आणि नंतर कॅमेरा थंड झाला की त्या हवेतली वाफ सगळ्यांत थंड पृष्ठभागावर, म्हणजे पुढच्या काचेवर जमते. बंद तंबूसारखी वाईट जागा नाही. रात्रभरच्या श्वासांनी तिथली हवा ओलीचिंब असते, आणि नेमकं तिथेच बसून लोक बॅटरी बदलतात.

झाकण दुपारी, कोरड्या मोकळ्या हवेत उघडा. यूएसबीने कॅमेऱ्यातच चार्जिंग करायचं तर झाकण तासन् तास उघडं राहतं. त्यापेक्षा जादा बॅटरी आणि बाहेरचा चार्जर घेतला तर झाकण दिवसातून एकदाच, तेही मिनिटभर उघडतं. आधीच धुकं धरलं असेल तर बॅटरी-कार्ड काढून, झाकण उघडं ठेवून कॅमेरा सिलिका जेलच्या ताज्या पुड्यांसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. शेकोटीजवळ धरू नका. रबर आणि गोंद दोन्ही बिघडतात. झाकण लावण्याआधी सील बोटाने चाचपा. एक केस किंवा वाळूचा एक कण सीलवर राहिला तर १५ मीटरच्या दाव्याला अर्थ उरत नाही. चिखलाने भरलेला कॅमेरा आधी स्वच्छ पाण्याने धुवा, पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मगच उघडा.

बाहेरून धरणारं धुकं वेगळं. थंडीतून उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला आणि तो खोलीइतका गरम होईपर्यंत, म्हणजे तासभर तरी, पिशवी उघडू नका. फोटो लगेच पाहायचे असतील तर कार्ड बाहेरच काढून घ्या.

प्रश्न : बर्फ राखाडी येतो, सावलीत निळा येतो.

उत्तर : कॅमेऱ्याचं प्रकाशमापन समोरचं दृश्य मध्यम करड्या रंगाचं असावं असं धरून चालतं. फ्रेमभर बर्फ असेल तर ते बर्फालाही करडा करतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (चित्र उजळ किंवा गडद करायची सोय) अधिक १ वर न्या. ढगाळ, सपाट प्रकाशात अधिक १.७ पर्यंत. हिस्टोग्राम (चित्रात गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) उजवीकडे सरकला पाहिजे, पण कडेला चिकटता कामा नये. लहान सेन्सरवर कडक उन्हात अधिक १ च्या वर जाऊ नका, कारण उडालेला पांढरा रंग रॉमध्येही परत मिळत नाही. निळेपणा खराच असतो. सावलीतल्या बर्फावर फक्त आकाशाचा प्रकाश पडतो. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेनुसार रंग जुळवायची सोय) ‘शेड’वर, म्हणजे सावलीवर, ठेवला की निळेपणा कमी होतो. पूर्ण घालवू मात्र नका, नाहीतर उन्हातला बर्फ पिवळा दिसेल.

प्रश्न : यूव्ही फिल्टर, पोलरायझर, दोन्ही घ्यावेत का?

उत्तर : यूव्ही नको. सेन्सरसमोरच्या काचा ते काम करतात. काचेचं रक्षण हवं असेल तरच लावा. पोलरायझर हा फिरवता येणारा, परावर्तित चकाकी अडवणारा फिल्टर. तळ्यांवरची चकाकी आणि ओल्या पानांवरची चमक काढायला उत्तम, पण दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). २४ मिमीवर आकाशाचा एक भाग गडद आणि एक फिकट येतो, कारण परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतो. उंचावर आकाश मुळातच गडद असतं. पोलरायझर पूर्ण फिरवला तर ते काळंच पडतं. घेण्याआधी तुमच्या कॅमेऱ्याला फिल्टरचे आटे आहेत का ते पाहा. बऱ्याच खिशातल्या कॅमेऱ्यांना नसतात.

प्रश्न : चालू केल्यावर लेन्स अर्धवट बाहेर येऊन अडकते आणि पडद्यावर लेन्सची चूक दाखवते. घरी दुरुस्त होईल?

उत्तर : बाहेर येणाऱ्या लेन्सच्या कॅमेऱ्यांचा डोंगरातला हा नेहमीचा मृत्यू. नळ्यांच्या फटीत वाळूचा कण अडकतो, किंवा पिशवीत बटण दाबलं जाऊन लेन्स कापडावर ढकलली जाते आणि आतले दाते निसटतात. बॅटरी काढा, लेन्स जमिनीकडे करा, रबरी फुंकणीने नळ्यांच्या कडेने हवा मारा, कोरड्या मऊ ब्रशने कडा झाडा, भरलेली बॅटरी घालून पुन्हा पाहा. तोंडाने फुंकू नका, ओल जाते. दाबाच्या डब्यातली हवा नको, कण आणखी आत ढकलते. हाताने लेन्स ओढू-ढकलू नका. दोन-तीनदा करून जमलं नाही तर सेवा केंद्र गाठा.

लेन्स आत-बाहेर होताना भात्यासारखी हवा ओढते आणि खिशातला कापडाचा भुगा सेन्सरपर्यंत जातो. जीआर मालिकेबद्दल ही तक्रार जुनी आहे. सेन्सरवर धूळ आहे का ते ओळखायचं तर मोकळं आकाश एफ/१६ वर, थोडं अस्पष्ट ठेवून टिपा, ठिपके दिसतील. वापरलेला कॅमेरा घेताना ही चाचणी आधी करा, कारण लेन्स न निघणाऱ्या कॅमेऱ्यात सेन्सर साफ करायला कॅमेरा पूर्ण उघडावा लागतो. कॅमेरा खिशात सुटा न ठेवता गुळगुळीत अस्तराच्या, चेनच्या पाऊचमध्ये ठेवा.

प्रश्न : चालताना कॅमेरा कुठे ठेवावा?

उत्तर : सॅकच्या आत ठेवलेला कॅमेरा दिवसात दोनदा बाहेर निघतो. पाऊच छातीच्या किंवा कमरेच्या पट्ट्यावर हवा, सॅक न उतरवता हात पोचेल असा. गळ्यात लटकता कॅमेरा चढताना खडकावर आपटतो. खांद्याच्या पट्ट्यावरची क्लिप चांगली, फक्त तिचा पाव इंची स्क्रू हिसक्यांनी सैल होतो, म्हणून रोज सकाळी आवळा. लहान कॅमेऱ्यांत क्लिपची पट्टी बॅटरीचं झाकण अडवते, तेही लावून पाहूनच घ्या.

प्रश्न : उन्हात पडदा काळा दिसतो, खराब झाला का?

उत्तर : गॉगल काढून पाहा. पोलराइज्ड काचांमधून काही पडदे एका दिशेने धरले की काळे पडतात. कॅमेरा आडवा-उभा केला की दिसू लागतात. तरीही दिसत नसेल तर पडद्याची चमक वाढवा. बर्फात सतत काम करायचं असेल तर डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर असलेलाच कॅमेरा घ्या.

प्रश्न : आठवड्याला कार्ड किती लागेल?

उत्तर : २४ मेगापिक्सेलची रॉ आणि सोबत जेपीईजी मिळून ४० एमबी धरा. ६४ जीबीच्या कार्डावर साधारण १,५०० फोटो येतात. एक १२८ जीबीचं घेण्यापेक्षा ६४ ची दोन घ्या, निघण्याआधी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, आणि वाटेत फोटो पुसत बसू नका. त्यात बॅटरी जाते आणि गारठलेल्या बोटांनी नको तेच पुसलं जातं.